ऐकणाऱ्याचा चेहरा : कॅमेरामन बिमल रॉय दिग्दर्शक झाले तेव्हा

'सुजाता'मधलं टेलिफोनवरचं गाणं बहुतेकांच्या ओळखीचं आहे. सुनील दत्त फोनवर 'जलते हैं जिसके लिए' गातो, आवाज तलत मेहमूदचा, आणि दुसऱ्या टोकाला नूतन रिसीव्हर कानाला लावून उभी असते. गाणं त्याचं. तिच्या वाट्याला त्यात एक ओळसुद्धा नाही. तरी हे गाणं आठवलं की आधी तिचा चेहरा डोळ्यांसमोर येतो. ती ऐकते, तिचे डोळे भरून येतात, आणि ज्याला हे कळायला हवं तो तिला पाहूच शकत नाही. पाहतो ते आपण.

हे आपोआप घडत नाही. बोलणाऱ्यापेक्षा ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर कॅमेरा ठेवायचा, हे कुणीतरी ठरवलेलं असतं. इथे ते ठरवणारे बिमल रॉय दिग्दर्शक होण्याआधी दशकभर कलकत्त्यात कॅमेऱ्यामागे उभे होते. त्यांच्याबद्दल लिहिताना 'संवेदनशील', 'वास्तववादी', 'सामाजिक आशयाचे' असे शब्द नेहमी येतात. ते खरेच आहेत, पण ही संवेदनशीलता पडद्यावर उतरली कशी, हे त्यातून उलगडत नाही. माझ्या मते ती उतरली कॅमेरामनच्या हातातून. ते कसं, हे समजून घ्यायचं तर कॅमेरामन नेमकं काय करतो इथून सुरुवात करायला हवी.

न दिसणारं चित्र

आज सेटवर दिग्दर्शक मॉनिटरसमोर बसतो. कॅमेऱ्यात काय येतंय ते त्याला त्याच क्षणी दिसतं. पटलं नाही तर लगेच दुसरा टेक.

१९३०-४०च्या दशकात यातलं काहीच नव्हतं. त्या वेळच्या बहुतेक स्टुडिओ कॅमेऱ्यांत शॉट चालू असताना ऑपरेटरलाही थेट लेन्समधून पाहता येत नसे. कॅमेऱ्याच्या बाजूला वेगळा व्ह्यूफाइंडर जोडलेला असायचा. तो लेन्सच्या शेजारी असल्यामुळे त्यातून दिसणारं दृश्य किंचित सरकलेलं असे. लांबच्या शॉटमध्ये हा फरक नगण्य, पण चेहरा जवळून घेताना तो जाणवण्याइतका मोठा व्हायचा आणि अंदाजाने दुरुस्त करून घ्यावा लागायचा. प्रकाश किती पडेल, सावली किती गडद येईल, पदराचा पोत दिसेल की नुसता पांढरा डाग उमटेल, हे फिल्म प्रयोगशाळेतून धुऊन आल्यावरच कळायचं. ते चित्रण बघायला सगळे बसत, त्याला 'रशेस' म्हणतात. तोवर सेट मोडलेला असू शकत होता.

म्हणजे शूटिंग चालू असताना पडद्यावरचं चित्र फक्त एका माणसाच्या डोक्यात असे, आणि तो माणूस म्हणजे कॅमेरामन. दिग्दर्शक नटाकडे बघत असे, संवाद ऐकत असे. चित्राच्या बाबतीत त्याला कॅमेरामनच्या शब्दावर विसंबावं लागे.

आता असा माणूसच दिग्दर्शक झाला तर काय होतं? नटासमोर उभं राहूनही त्याला पडदा दिसत असतो. हा चेहरा या लेन्सने, एवढ्या अंतरावरून, या उजेडात किती सांगेल हे त्याला अनुभवाने माहीत असतं. चेहरा पुरेसं सांगणार असेल तर संवाद कापायला तो कचरत नाही. बिमल रॉय यांच्या चित्रपटांत माणसं इतकी कमी का बोलतात, याचं एक कारण मला इथे सापडतं.

करडे रंग

कृष्णधवल फिल्मला रंग कळत नाहीत, उजेड कमी आहे की जास्त एवढंच कळतं. लाल साडी आणि हिरवा चुडा डोळ्यांना कितीही वेगळे दिसोत, फिल्मवर दोन्ही एकाच करड्या छटेचे येऊ शकतात. मग माणूस पाठीमागच्या भिंतीत मिसळून जातो. त्याला भिंतीपासून सुटा करायचं काम प्रकाशाचं.

त्यासाठीची स्टुडिओतली मूळ पद्धत तीन दिव्यांची. मुख्य दिवा, म्हणजे की लाइट, चेहऱ्याला आकार देतो. तो समोरून आला तर चेहरा सपाट दिसतो आणि बाजूने आला तर नाकाची, गालाची, डोळ्यांच्या खोबणीची सावली पडते. या सावल्या अगदीच काळ्या पडू नयेत म्हणून दुसऱ्या बाजूने सौम्य फिल लाइट. तिसरा दिवा मागून, केसांवर आणि खांद्यावर उजळ कड आणणारा. रांगोळीत रंग भरून झाल्यावर शेवटी पांढरी रेघ ओढली की आकृती जशी उठून दिसते, तसं काम हा बॅक लाइट करतो.

एवढं शिकायला फार दिवस लागत नाहीत. वर्षं लागतात ती दिवा कुठे लावायचा नाही हे शिकायला. प्रकाश अडवायला सेटवर 'कटर' असतात, काळी फळी किंवा कापड. दिवा लावून झाल्यावर कॅमेरामन कटर पुढेमागे करत बसतो : भिंतीवरचा उजेड थोडा खाली, कपाळावरचा थोडा कमी, डोळ्यांतली चमक तेवढी राहू दे. एखाद्या शॉटला तासभर लागतो तो बऱ्याचदा यातच जातो.

सुआपूर ते टॉलीगंज

बिमल रॉय यांचा जन्म १९०९चा, ढाक्याजवळच्या सुआपूरचा. घराणं जमीनदाराचं. वडील वारल्यावर इस्टेटीच्या कारभाऱ्याने कुटुंबाला देशोधडीला लावलं, आणि विधवा आई व भावंडांसह हा तरुण जवळपास रिकाम्या हाताने कलकत्त्याला आला. पुढे याच माणसाने दोन बिघे जमिनीसाठी झिजणाऱ्या शेतकऱ्यावर चित्रपट काढला, तेव्हा जमीन जाणं म्हणजे काय हे त्याला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

कलकत्त्यात टॉलीगंजला बी. एन. सरकार यांची न्यू थिएटर्स ही कंपनी १९३१ साली उभी राहिली होती. तिच्या बोधचिन्हावर हत्ती असे. पुण्यात प्रभातची तुतारी तसा बंगालात हा हत्ती. तिथले मुख्य कॅमेरामन नितीन बोस यांच्या हाताखाली बिमल रॉय शिकले. नितीन बोस स्वतःही कॅमेऱ्याकडून दिग्दर्शनाकडे गेले. हिंदी चित्रपटात पार्श्वगायनाची पद्धत ज्या 'धूप छाँव'पासून (१९३५) रुजली असं मानतात, तो त्यांचाच. म्हणजे कॅमेरामनने दिग्दर्शक होणं ही त्या स्टुडिओत कुणाला वावगी वाटणारी गोष्ट नव्हती.

आपल्याकडे कोल्हापुरात हे आणखी आधी झालं होतं. बाबुराव पेंटर यांनी कॅमेरा स्वतः बनवून घेतला, महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली आणि १९२५ साली 'सावकारी पाश' केला. सावकाराने जमीन लुबाडलेला शेतकरी शहरात जाऊन गिरणी कामगार होतो, ही त्याची गोष्ट. तरुण शेतकऱ्याच्या भूमिकेत व्ही. शांताराम होते. 'दो बीघा ज़मीन'च्या २८ वर्षं आधीचा हा मूकपट, आणि तोही चित्राच्या अंगाने विचार करणाऱ्या माणसाचा. हे दोन चित्रपट शेजारी ठेवून कुणीतरी सविस्तर लिहायला हवं.

बिमल रॉय यांच्या कॅमेरामन म्हणून केलेल्या कामात सर्वांत गाजलेलं काम दिग्दर्शक प्रमथेश बरुआंबरोबरचं : सैगलचा हिंदी 'देवदास' आणि १९३७चा 'मुक्ती'. मग १९४४मध्ये त्यांनी 'उदयेर पथे' हा बंगाली चित्रपट दिग्दर्शित केला. श्रीमंताच्या घरी लेखणी झिजवणारा गरीब लेखक आणि त्याचा स्वाभिमान हा विषय. युद्ध आणि दुष्काळ सोसलेल्या बंगालात तो जोरात चालला. त्याची हिंदी आवृत्ती 'हमराही'. 'जन गण मन' राष्ट्रगीत होण्याच्या काही वर्षं आधी या चित्रपटात ऐकू आलं होतं.

फाळणीने बंगाली चित्रपटांची निम्मी बाजारपेठ गेली आणि न्यू थिएटर्सची उतरती कळा सुरू झाली. बॉम्बे टॉकीजच्या 'माँ'चं (१९५२) काम मिळालं, आणि बिमलदा मुंबईला आले. येताना एकटे आले नाहीत. संकलक हृषीकेश मुखर्जी, लेखक नवेंदू घोष, कॅमेरामन कमल बोस अशी अख्खी टोळी बरोबर होती. पुढची दहा-बारा वर्षं अंधेरीच्या मोहन स्टुडिओत बिमल रॉय प्रॉडक्शन्सचा मुक्काम राहिला.

कॅमेरा दुसऱ्याच्या हाती का दिला

इथे एक प्रश्न साहजिक आहे. कॅमेरा एवढा हातातला होता, तर मुंबईत आल्यावर तो स्वतःकडे का ठेवला नाही? 'दो बीघा ज़मीन', 'देवदास', 'सुजाता', 'बंदिनी' यांचं छायाचित्रण कमल बोस यांचं आहे. 'मधुमती'चं दिलीप गुप्तांचं.

वेळेचं कारण उघड आहे. प्रकाशयोजना करायला तास जातात, आणि त्याच तासात दिग्दर्शकाला नटांबरोबर तालीम करायची असते. पण मला दुसरं कारण जास्त महत्त्वाचं वाटतं. शॉट चालू असताना कॅमेरामनचं लक्ष चौकटीच्या कडांवर, फोकसवर, सावल्यांवर असतं. कॅमेरा चालवणारा माणूस त्याच क्षणी नटाचा प्रेक्षक होऊ शकत नाही, आणि बिमलदांना प्रेक्षक व्हायचं होतं. नटाच्या चेहऱ्यावर चुकून आलेली एखादी छटा टिपायची तर डोळे मोकळे हवेत. कमल बोस त्यांच्याच तालमीतले. काय हवंय ते थोडक्या शब्दांत सांगितलं तरी पुरत असे. बिमलदा सेटवर फार कमी बोलत, असं त्यांच्याबरोबर काम केलेल्या अनेकांनी सांगितलं आहे.

पासष्ट रुपये आणि दोनशे पस्तीस रुपये आठ आणे

जानेवारी १९५२मध्ये भारताचा पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव मुंबईत भरला. तिथे इटलीचे नववास्तववादी चित्रपट दाखवले गेले. खऱ्या रस्त्यांवर, खऱ्या उजेडात घेतलेले. बिमल रॉय आणि त्यांची मंडळी ते पाहून भारावली. सलील चौधरींची रिक्षावाल्यावरची कथा हाताशी होती. १९५३चा 'दो बीघा ज़मीन' त्यातून आला.

शंभू महातोची दोन बिघे जमीन जमीनदाराला गिरणीसाठी हवी आहे. शंभूच्या हिशेबाने त्याचं देणं ६५ रुपये. घरातलं किडूकमिडूक विकून तो पैसे घेऊन जातो, तर खोट्या कागदांवर रक्कम २३५ रुपये ८ आणे झालेली. कोर्ट तीन महिन्यांची मुदत देतं. शंभू मुलाला घेऊन कलकत्त्याला येतो आणि हातरिक्षा ओढू लागतो. मुलगा बूटपॉलिश करतो.

शंभू म्हणजे बलराज साहनी. सुटाबुटातल्या साहनींना पाहून बिमलदांना आधी ही निवड चुकली असंच वाटलं होतं. 'धरती के लाल'मध्ये आपण शेतकरी केला आहे, हे साहनींनी सांगितलं तेव्हा गाडी पुढे सरकली. मग साहनी मुंबईत जोगेश्वरीच्या भय्या लोकांच्या वस्तीत जाऊन दूधवाल्यांचं चालणं-बसणं-बोलणं न्याहाळत राहिले आणि कलकत्त्यात प्रत्यक्ष रिक्षा ओढायला शिकले. तिथल्या एका बिहारी रिक्षावाल्याने स्वतःची हकीकत सांगितली, तर तीही गावाकडची दोन बिघे जमीन सावकाराकडे अडकल्याचीच निघाली. साहनींनी आत्मचरित्रात हे सगळं लिहून ठेवलं आहे.

कॅमेरामनच्या नजरेने यात बघण्यासारखी जागा आहे ती रिक्षाच्या शर्यतीची. गिऱ्हाइकाला पुढची गाडी गाठायची आहे. तो पैसे वाढवत जातो, शंभू वेग वाढवत जातो. कॅमेरा कधी पळत्या पायांशी, कधी चाकाशी, कधी शंभूच्या चेहऱ्यावर. वेग वाढतो तसे शॉट आखूड होत जातात, आणि मग चाक निखळतं. कुणीही शोषणावर भाषण केलेलं नाही. पाय, चाक आणि चेहरा एवढ्यावर काम झालं आहे. हृषीकेश मुखर्जींच्या संकलनाचं श्रेय यात मोठं आहे. पण जोडायला असे तुकडे मिळावेत म्हणून ते आधी घ्यावे लागतात, आणि ते घेताना दिग्दर्शकाच्या डोक्यात कात्री चालू असावी लागते.

गजबजलेल्या रस्त्यावर शूटिंग करणं तेव्हा सोपं नव्हतं. स्टुडिओत प्रकाश तुमच्या हुकमतीत असतो, रस्त्यावर सूर्य सरकत राहतो. सकाळी दहाला घेतलेला शॉट आणि दुपारी दोनला घेतलेला शॉट एकाच प्रसंगात शेजारी लावले तर सावल्या जुळत नाहीत. रिफ्लेक्टर लावावेत तर बघ्यांची गर्दी जमते. त्यामुळे कॅमेरा लोकांच्या नजरेत येणार नाही असा ठेवून काही भाग घेतला गेला. या चित्रपटातला रस्त्यावरचा उजेड म्हणूनच थोडा खरखरीत आहे, चेहरे नेहमीसारखे गुळगुळीत उजळलेले नाहीत. स्टुडिओच्या मुशीत घडलेल्या कॅमेरामनला हे पचवायला धैर्य लागतं. आपल्या हातातली सफाई त्याने इथे मुद्दाम बाजूला ठेवली आहे.

१९५४मध्ये कान महोत्सवात या चित्रपटाला आंतरराष्ट्रीय पारितोषिक मिळालं. फिल्मफेअर पुरस्कार त्याच वर्षी सुरू झाले, आणि सर्वोत्कृष्ट चित्रपट व दिग्दर्शनाचे पहिलेवहिले पुरस्कार यालाच गेले. दिग्दर्शनाचं फिल्मफेअर बिमलदांना एकूण सात वेळा मिळालं.

इगतपुरीची नैनीताल

'मधुमती'ची (१९५८) हकीकत वेगळ्या कारणासाठी सांगायला हवी. ऋत्विक घटक यांची कथा, पुनर्जन्माची, धुक्याची, डोंगरातली. बाह्यचित्रण नैनीतालच्या परिसरात झालं. फिल्म धुऊन आली तेव्हा बराचसा भाग 'फॉग' झालेला निघाला. फिल्म फॉग होते म्हणजे नको असलेला उजेड, उष्णता किंवा रसायनातला बिघाड यामुळे निगेटिव्हवर करडा पडदा चढतो आणि चित्र त्याखाली बुजून जातं. त्यावर उपाय नसतो. पुन्हा नैनीतालला सगळा लवाजमा नेणं परवडणारं नव्हतं.

मग नैनीतालचं जंगल इगतपुरीजवळ वैतरणा धरणाच्या परिसरात उभं केलं गेलं. मूळ जागेशी जुळावीत म्हणून नकली सूचिपर्णी झाडं लावली, धूर सोडून धुकं तयार केलं. दिलीपकुमार वैजयंतीमालाला रानात शोधतो, तो भाग इथला. काही चित्रण मुंबईत आरे कॉलनीतही झालं.

पडद्यावर हा सांधा कळत नाही. कसा? झाडं जुळवून भागत नाही, उजेड जुळवावा लागतो. हिमालयाच्या पायथ्याशी सूर्य कुठल्या कोनातून येत होता, हवा किती विरळ होती, सावल्यांना किती धार होती, हे सगळं पश्चिम घाटात नव्याने उभं करायचं. धुकं इथे कामी येतं. ते वातावरण तर तयार करतंच, शिवाय दूरचं झाकतं आणि सावल्यांची धार बोथट करतं. म्हणजे फसलेलं जुळवून घ्यायला जो पडदा लागतो, तोच कथेलाही हवा होता. दिलीप गुप्तांना छायाचित्रणाचं फिल्मफेअर मिळालं. चित्रपटाला एकूण नऊ पुरस्कार होते, आणि तो विक्रम पुढे कित्येक वर्षं टिकला. लोणावळा-इगतपुरीच्या पावसाळी धुक्यात आज गाडीतून जाताना मराठी माणसाच्या तोंडी 'मधुमती'तलं 'आजा रे परदेसी' येतं, त्यात तथ्य आहे.

बोलायचं कुणी आणि दाखवायचं कुणाला

आता पुन्हा मूळ मुद्द्याकडे. बिमलदांनी १९५५मध्ये 'देवदास' पुन्हा केला. वीस वर्षांपूर्वी ज्या कथेला कॅमेरा दिला, तिचंच आता दिग्दर्शन. देवदास दिलीपकुमार, पारो सुचित्रा सेन, चंद्रमुखी वैजयंतीमाला. पारो आणि चंद्रमुखी एकमेकींना ओळखत नाहीत. एका प्रसंगात पारो पालखीतून चालली आहे आणि चंद्रमुखी पायी. दोघी एकमेकींना पाहतात आणि पुढे निघून जातात. संवाद नाही. शब्द घातले असते तर प्रसंग सपाट झाला असता, कारण त्या दोघींपाशी बोलण्यासारखं काही नाही. जे आहे ते फक्त प्रेक्षकाला माहीत आहे, आणि दिग्दर्शकाचा त्या प्रेक्षकावर भरवसा आहे.

'सुजाता' (१९५९) अस्पृश्यतेवरचा. ब्राह्मण घरात 'मुलीसारखी' वाढलेली मुलगी. तिची सगळी जखम त्या 'सारखी'त आहे. तिला फार बोलायला दिलेलं नाही. घरात तिच्याविषयी बोललं जातं आणि ती ऐकते, दाराआडून, कामं करता करता. कॅमेरा तिच्यापाशी थांबतो. मराठी प्रेक्षकांसाठी या चित्रपटात आणखी एक गोष्ट आहे. नूतन, तिला मुलगी मानायला कचरणारी आई सुलोचनादीदी, सनातनी आत्या ललिता पवार आणि सख्खी मुलगी शशिकला. एका बंगाली कथेच्या घरातल्या चारही बायका आपल्याकडच्या. सुलोचनादीदींचं काम तर वेगळं नोंदवण्यासारखं आहे. त्या आईला दुष्ट केलेलं नाही. तिला माया आहे आणि ती माया पूर्ण द्यायचं धाडस नाही. हे दोन्ही एकाच चेहऱ्यावर, बऱ्याचदा अर्धवट उजेडात दिसतं. ('दो बीघा ज़मीन'मधला म्हातारा बाप नाना पळशीकर, आणि 'बंदिनी'तले पोस्टमास्तर वडील म्हणजे आपले राजा परांजपे.)

आणि मग 'बंदिनी', १९६३चा. माझ्या मते त्यांचं सर्वांत मोठं काम. कल्याणी खुनाची शिक्षा भोगते आहे. तिने विष दिलं ती बाई म्हणजे तिला सोडून गेलेल्या क्रांतिकारकाची बायको. हे तिला आधी माहीत नसतं. त्या चिडक्या, आजारी बाईची ती सेवा करत असते. वडील गेल्याची बातमी आणि ही बाई कोण हे कळणं, दोन्ही एकाच वेळी कोसळतं.

यानंतरचा प्रसंग थांबून बघण्यासारखा आहे. कल्याणी एकटी. बाहेर लोखंडाचं काम चालू आहे, घणाचे घाव पडतायत. वेल्डिंगच्या ठिणग्यांचा उजेड खिडकीतून तिच्या चेहऱ्यावर येतो आणि जातो. चेहरा लख्ख उजळतो, मग अंधारात जातो, पुन्हा उजळतो. नूतन जवळजवळ काही करत नाही. डोळे आणि श्वास. खून करायचं ती कुठल्या क्षणी ठरवते हे सांगता येत नाही. एका झोतात ती आपल्याला माहीत असलेली कल्याणी असते, आणि पुढच्या एखाद्या झोतात ती राहिलेली नसते.

ही कल्पना कॅमेरामनलाच सुचू शकते, असं माझं ठाम मत आहे. साधारण दिग्दर्शकाने इथे स्वगत घातलं असतं, नाहीतर आरशातलं प्रतिबिंब बोलायला लावलं असतं. इथे मनातली उलथापालथ दाखवायचं काम उजेडाकडे सोपवलं आहे. आणि तो उजेड बाहेरून लादलेला नाही, तिथे काम करणाऱ्या मजुरांच्या कामाचा आहे. त्याला कारण आहे, म्हणून तो नाटकी वाटत नाही. प्रकाशयोजनेतला हा जुना नियम : चौकटीतला प्रत्येक उजेड कुठून आला हे प्रेक्षकाला न सांगता पटलं पाहिजे. कमल बोस यांना 'बंदिनी'साठी फिल्मफेअर मिळालं.

याच चित्रपटातलं 'मोरा गोरा अंग लई ले' हे गुलजारांचं चित्रपटासाठीचं पहिलं गाणं. कल्याणी हे गाणं घरात म्हणेल की अंगणात, यावर बिमलदा आणि सचिनदेव बर्मन यांच्यात बरीच चर्चा झाल्याची आठवण गुलजारांनी सांगितली आहे. तिच्या स्वभावाची मुलगी रात्री बाहेर जाऊन गाईल का, आणि वडील घरात असताना असं गाणं आत म्हणेल का? गाण्याचा विषय बघा : गोरा रंग घे आणि मला सावळा दे, म्हणजे रात्रीत लपून जाता येईल, आणि वैरी चंद्र नेमका उजेड पाडतो. ज्या माणसाने तरुणपण चेहऱ्यावर किती उजेड पडू द्यायचा हे ठरवण्यात घालवलं, त्याच्या चित्रपटात हे गाणं यावं यात मला मोठा आनंद वाटतो.

त्यांचं सगळंच असं उतरलं, असं मी म्हणणार नाही. 'यहूदी' (१९५८) रोमन काळातला पोशाखी चित्रपट आहे, आणि तिथे संवादांचा गडगडाट इतका आहे की ऐकणाऱ्याकडे बघायला कॅमेऱ्याला सवडच मिळत नाही. बिमलदांना घर लागतं, ओटी लागते, दार लागतं. राजदरबारात त्यांची नजर परकी होते.

शेवटी त्यांच्या मनात कुंभमेळ्यावरचा चित्रपट होता. समरेश बसूंच्या 'अमृत कुंभेर संधाने'वर आधारलेला. प्रत्यक्ष मेळ्यात काही चित्रण करूनही ठेवलं होतं. जानेवारी १९६६मध्ये कर्करोगाने ते गेले तेव्हा वय अवघं ५६ होतं. चित्रपट राहिला. मेळ्याचं ते चित्रण पुढे त्यांच्या मुलाने जुळवून लघुपटाच्या रूपात लोकांपुढे आणलं.

हृषीकेश मुखर्जी आणि गुलजार त्यांच्याकडून निघून स्वतः दिग्दर्शक झाले. कमल बोस यांनी पुढे 'अनोखी रात', 'खामोशी', 'दस्तक' आणि 'धर्मात्मा'साठी फिल्मफेअर मिळवलं. 'खामोशी'तली वहिदा रहमान पाहिली की हा हात ओळखता येतो.

कुणाला नव्याने सुरुवात करायची असेल तर 'बंदिनी' आधी बघा, 'दो बीघा ज़मीन' नंतर. वास्तववादाच्या लौकिकामुळे लोक उलट करतात आणि मग त्यांचं सगळं लक्ष विषयावर राहतं. 'बंदिनी' बघताना विषाचा प्रसंग एकदा आवाज बंद करून बघा, एकदा आवाज लावून. त्यानंतर 'सुजाता'. आणि कुठल्याही प्रसंगात दोन माणसं बोलत असतील, तर जो बोलत नाहीये त्याच्यावर उजेड कसा टाकलाय तेवढं बघत राहा.